रबराची गोळी

1920 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस सावा नदीच्या काठच्या खेड्यांतून पुरुषमंडळी मतदानाला निघाली, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी जन्मात कधी मत दिलेले नव्हते. मतदानाची रीत मात्र अशी होती की निरक्षर माणसालाही ती पहिल्या खेपेसच साधावी. कागद नाही, शाई नाही, नाव वाचण्याची गरज नाही. अधिकाऱ्यापाशी हजेरी दिली की तो हातावर एक लहानशी रबरी गोळी ठेवी, ती मुठीत घेऊन प्रत्येक पक्षाच्या नावाने मांडलेल्या पेट्यांपुढून क्रमाने जायचे आणि प्रत्येक पेटीत मिटलेली मूठ घालून मिटलेलीच बाहेर काढायची. गोळी कोणत्या पेटीत सुटली हे देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणास कळू नये अशी ही योजना होती, आणि गोळी रबराची असल्यामुळे ती तळाशी पडल्याचा आवाजही होत नसे. शेवटची पेटी झाली की रिकामा तळहात उघडून दाखवावा, की झाले मतदान. सर्बियात ही पद्धत पूर्वीपासून रूढ होती. सावाकाठच्या क्रोआत शेतकऱ्याला ती सर्ब, क्रोआत आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याबरोबर मिळाली, आणि त्या राज्याकडून त्याला मिळालेल्या ज्या थोड्या गोष्टी त्याने आनंदाने स्वीकारल्या त्यांत ही एक.

त्या पेट्यांपैकी एक पेटी क्रोएशियन लोक-शेतकरी पक्षाची होती, आणि त्या पक्षाचा पुढारी स्त्येपान रादिच हा प्रचाराच्या सर्व काळात सरकारी कैदेत होता. गोळ्या मोजल्या गेल्या तेव्हा 419 जागांच्या घटनासमितीत त्याच्या पक्षाच्या वाट्याला 50 जागा आल्या होत्या, आणि क्रोएशियाच्या खेड्यापाड्यांपुरते पाहिले तर दुसरा कोणताही पक्ष त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. निवडणुकीच्याच सुमारास त्याची सुटका झाली. या 50 सभासदांना घेऊन तो राजधानी बेलग्रेडकडे निघेल अशी अपेक्षा करणाऱ्यांना तो मनुष्य ठाऊक नव्हता.

रादिचचा जन्म 11 जून 1871 रोजी सिसाक या शहराजवळच्या ट्रेबार्येवो देस्नो नावाच्या सावाकाठच्या खेड्यात झाला. अकरा भावंडांतला तो नववा. क्रोएशिया त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील हंगेरीच्या मुकुटाखालचा मुलूख होता. साबोर नावाची जुनी विधानसभा होती, पण प्रत्यक्ष कारभार हाकी तो बान, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर सुभेदार, आणि त्याची नेमणूक बुडापेस्टच्या मर्जीने होई. 1883 पासून 1903 पर्यंत खुएन-हेदेरवारी हा एकच बान त्या गादीवर होता. जमीन गरिबाची, घर माणसांनी भरलेले, आणि मुलाची दृष्टी लहानपणापासून इतकी अधू की कागद नाकाशी भिडवल्यावाचून अक्षर दिसू नये. अशा मुलाने शाळेत जावे हेच मुळात अवघड, मग विद्यापीठात जाऊन राजद्रोह करावा ही तर दूरचीच गोष्ट. रादिचने दोन्ही केले. 1895 च्या ऑक्टोबरात सम्राट फ्रान्झ योझेफ नव्या नाट्यगृहाच्या उद्घाटनासाठी झाग्रेबला आला असता, येलाचिच चौकात विद्यार्थ्यांच्या एका जथ्याने हंगेरीचे निशाण जाळले. त्या जथ्याचा म्होरक्या हाच. सहा महिन्यांची कैद झाली, विद्यापीठाचे दार बंद झाले, आणि साम्राज्यातील दुसऱ्या विद्यापीठांतूनही त्याला असेच बाहेर पडावे लागल्यामुळे अखेरीस पॅरिसच्या राज्यशास्त्राच्या विद्यालयातून त्याने 1899 साली आपले शिक्षण पुरे केले. मधल्या काळात तो रशियात राहून आला होता, प्रागमध्ये चेक विचारवंत मासारिकचा प्रभाव त्याच्यावर पडला होता, आणि तेथल्याच मारिया द्वोर्झाकोवा या चेक शिक्षिकेशी त्याचे लग्न झाले होते. झाग्रेबला परतल्यावर ह्या दांपत्याने पुस्तकांचे दुकान थाटले. ज्याच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही त्याने पुस्तके विकून पोट भरावे, हा योग मला नेहमी मोठा विलक्षण वाटत आला आहे.

स्त्येपानच्या राजकारणाचे मूळ मात्र पॅरिसमध्ये शोधू नये. ते त्याच्या थोरल्या भावाच्या टेबलावर सापडते. अन्तुन रादिच हा लोकजीवनाचा अभ्यासक होता. घर कसे बांधतात, भाकरी कशी भाजतात, मेलेल्या माणसाला काय नेसवतात, वाटण्या कशा होतात, अशा गोष्टी खेड्यांतून कशा टिपून घ्याव्या याची एक विस्तृत प्रश्नावली त्याने 1897 साली प्रसिद्ध केली होती, आणि ही माहिती जमविता जमविता त्याचे असे मत बनले की या देशात वास्तविक दोन समाज नांदत आहेत: एक शहरातला, परक्या भाषांत आणि परक्या रीतींत वाढलेला, आणि दुसरा खेड्यातला, ज्याच्यापाशी स्वतःची संस्कृती आहे पण जिला संस्कृती म्हणावे हे कोणाच्या ध्यानीमनीही नाही. शेतकरी ज्यांना 'कापुताश' म्हणजे कोटवाले म्हणत, त्या पांढरपेशांनीच आजवर राष्ट्राच्या नावाने बोलावे आणि शेतकऱ्याने कर भरावा, अशी ही वाटणी झालेली. अन्तुनने शेतकऱ्यांसाठी 'दोम' म्हणजे 'घर' या नावाचे पत्र काढले. 1904 च्या डिसेंबरात दोघा भावांनी पक्ष स्थापन केला. विद्वत्ता थोरल्याची आणि आवाज धाकट्याचा, अशी ती जोडी होती.

पण मताधिकार होता कोठे? क्रोएशियात त्या वेळी शंभर माणसांत जेमतेम दोघांना मत होते, आणि त्या दोघांत सरकारी नोकर अधिक. तेही सर्वांच्या देखत उघड तोंडाने मत देत. अशा निवडणुकीत शेतकऱ्यांचा पक्ष उभा करणे म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीला मोट बांधणे होय. 1908 साली रादिच साबोरात गेला. 1910 साली मताधिकार काहीसा वाढला तेव्हा पक्षाला नऊ जागा मिळाल्या. पहिल्या महायुद्धापर्यंत त्याची किंमत झाग्रेबच्या राजकारणात एक तऱ्हेवाईक, बडबड्या, हट्टी आमदार एवढीच होती. मात्र रविवारी देवळातून बाहेर पडणाऱ्या लोकांपुढे, बाजाराच्या दिवशी गाड्यावर उभा राहून, गुरांच्या, मिठाच्या, करांच्या भाषेत बोलणारा हा ठेंगणा, दाढीवाला, डोळे किलकिले करणारा माणूस खेड्यांतून घरोघर माहीत होत चालला होता. भाषणाच्या आरंभी येशूचा आणि मेरीचा जयजयकार करावा आणि लगेच दुसऱ्या वाक्यात राजकारणी पाद्र्यांवर घसरावे, ही त्याची लकब प्रसिद्ध आहे. श्रद्धाळू श्रोत्यांना त्यात विसंगती वाटत नसे. त्यांनाही देव हवा होता आणि पाद्री नकोसा झाला होता.

1918 च्या शरदात साम्राज्य कोसळले. झाग्रेबमध्ये दक्षिण-स्लावांची राष्ट्रीय समिती बसली, इटलीचे सैन्य किनाऱ्यावर उतरू लागले, खेड्यांतून पळपुट्या शिपायांचा धुमाकूळ सुरू झाला, आणि समितीतल्या बहुतेक शहाण्या माणसांना असे वाटू लागले की शक्य तितक्या लवकर सर्बियाच्या राजघराण्याशी ऐक्य करावे, अटी मागाहून ठरवाव्या. 24 नोव्हेंबरच्या सभेत रादिचने या घाईला विरोध केला. धुक्यात घुसणाऱ्या बदकांच्या कळपासारखे जाऊ नका, हा त्याचा इशारा तेथल्या भाषेत पुढे म्हणीसारखा रूढ झाला. त्याचे म्हणणे ऐक्य नको असे नव्हते. स्लाव ऐक्याचा तो जन्मभर पुरस्कर्ता होता. त्याचे म्हणणे एवढेच की शेतकऱ्याला विचारल्याशिवाय, कराराचा कागद हाती नसताना, केवळ राजपुत्राच्या सौजन्यावर विसंबून राज्य देऊ नये. कोणी ऐकले नाही. 1 डिसेंबरला बेलग्रेडमध्ये युवराज अलेक्झांडरने सर्ब, क्रोआत आणि स्लोव्हेन यांच्या संयुक्त राज्याची घोषणा केली.

धुके निवळल्यावर शेतकऱ्याला जे दिसले ते असे. जुन्या साम्राज्याच्या चलनातील चार क्राउन दिल्याशिवाय नव्या राज्याचा एक दिनार हाती पडेना. म्हणजे ज्याने युद्धाच्या काळात धान्य विकून मडक्यात चार पैसे साठविले होते, त्याची शिल्लक सरकारी फर्मानाने एका दिवसात रोडावली. मग 1920 च्या सप्टेंबरात सैन्याच्या गरजेसाठी ओढकामाच्या जनावरांची नोंद करून त्यांना डाग देण्याचा हुकूम निघाला. ज्याचे घर दोन बैलांच्या किंवा एका घोड्याच्या जिवावर चालते, त्याला आपल्या जनावराच्या अंगावर सरकारी छाप उठलेली पाहून काय वाटेल, हे मराठी शेतकऱ्याला तरी समजावून सांगावे लागणार नाही. गावोगाव दंगे उसळले, गोळीबार झाला, माणसे मेली. रादिच तेव्हा तुरुंगात होता. त्याने मार्च 1919 मध्ये, पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे ठेवण्यासाठी क्रोआत शेतकऱ्यांच्या लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज जमविला होता, आणि त्याच उद्योगापायी त्याला पकडले होते. मध्ये थोडे दिवस मोकळीक, पुन्हा अटक, खटला, शिक्षा, असे चालू होते. त्या वेळी गृहखाते ज्याच्या हाती होते तो मंत्री स्वेतोझार प्रिबिचेविच, क्रोएशियातच जन्मलेला सर्ब आणि बेलग्रेडच्या एकमुखी सत्तेचा कडवा अभिमानी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रबरी गोळ्यांनी निवडून दिलेल्या 50 जणांना रादिचने बेलग्रेडला जाऊच दिले नाही. डिसेंबरात त्याने पक्षाच्या नावात 'प्रजासत्ताक' हा शब्द घातला, आणि जाहीर केले की राजाशी निष्ठेची शपथ घेणाऱ्या सभेत आम्ही पाऊल ठेवणार नाही. घटनासमिती त्याच्यावाचून बसली. पुरे बहुमत म्हणजे 210 मते. ती सरकारपक्षाच्या स्वतःच्या पदरी नव्हती. तेव्हा पंतप्रधान निकोला पाशिचच्या सरकारने बोस्नियाच्या मुसलमान पक्षाशी जमीनदारांच्या नुकसानभरपाईचा सौदा केला, आणखी काही लहान गटांना असेच काही देऊ केले, आणि 28 जून 1921 रोजी, विदोव्हदानच्या, म्हणजे कोसोव्होच्या 1389 सालच्या लढाईच्या स्मरणदिनी, 223 विरुद्ध 35 मतांनी केंद्रीभूत सत्तेची घटना मंजूर करून घेतली. उरलेले 161 सभासद मतदानाला हजरच नव्हते.

रादिचचे चरित्रकार या बहिष्काराला तत्त्वनिष्ठा म्हणतात. मला ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक वाटते. केवळ बेरजेने पाहिले तर त्याची 50 मते विरुद्ध पडूनही घटना पराभूत झाली नसती, हे खरे. परंतु संसदेत मते पेटीत पडण्यापूर्वीच विकली आणि विकत घेतली जातात. तो सौदा चालू असताना 50 जणांचा एकसंध गट सभागृहात बसलेला असता तर मुसलमान पुढाऱ्यांना दुसरे गिऱ्हाईक दिसले असते, स्लोव्हेन पक्षाला पाठिंबा मिळाला असता, आणि भाव चढला असता. पाशिचला बाजारात एकटेच गिऱ्हाईक म्हणून मिरवू देणे ही रादिचने त्याला दिलेली देणगी होती. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला मौनाची किंमत कळत नाही असे म्हणतात. पण याने मौन पाळले ते नेमक्या त्या ठिकाणी, जेथे बोलायला हवे होते.

याचे कारण त्याच्या स्वभावात सापडते. मेळाव्यात पन्नास हजार शेतकरी समोर उभे असले की त्याला सामर्थ्याचा साक्षात्कार होई, आणि वाटे की एवढी माणसे एका बाजूला असताना सत्ता आपण होऊन शरण येईल. हिंसा त्याला मनापासून अमान्य होती. दंगे करणाऱ्यांची त्याने कधी पाठराखण केली नाही. अर्ज, सभा, सह्या, निवडणुका, असहकार, ही त्याची शस्त्रे. 1923 च्या निवडणुकीत जागा 50 च्या 70 झाल्या. तरी तो बाहेरच राहिला, आणि त्याच उन्हाळ्यात देशाबाहेर पडून लंडन, व्हिएन्ना आणि अखेरीस 1924 मध्ये मॉस्को, अशी युरोपच्या दरबारांची वारी त्याने केली. लंडनने सहानुभूतीचे चार शब्दही मोजूनमापून दिले. मॉस्कोने त्याला बोल्शेव्हिकांच्या शेतकरी-आंतरराष्ट्रीय संघटनेत दाखल करून घेतले. क्रांतीचा द्वेष्टा, मालकीच्या जमिनीचा कैवारी, रोज प्रार्थना म्हणणारा हा गृहस्थ त्या संघटनेत काय करणार होता हे मॉस्कोलाही कळले नसावे. पण बेलग्रेडला मात्र हवे ते निमित्त सापडले. कम्युनिस्टांसाठी केलेला राज्यसंरक्षणाचा कायदा डिसेंबर 1924 मध्ये शेतकरी पक्षाला लावण्यात आला, आणि 5 जानेवारी 1925 रोजी पोलिसांनी रादिचला झाग्रेबमधील त्याच्या स्वतःच्याच घरात, लपण्यासाठी केलेल्या जागेतून बाहेर काढले. त्रेपन्न वर्षांच्या वयाला आलेला, अर्धवट आंधळा पुढारी धुळीने माखून आपल्याच भिंतीमागून बाहेर पडतो, हे दृश्य विरोधी पत्रांनी पुष्कळ रंगविले. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. जागा 67. तीन फक्त कमी झाल्या.

आणि मग, 27 मार्च 1925 रोजी, सगळे पालटले. रादिचचा पुतण्या पावले रादिच संसदेत उभा राहिला आणि त्याने वाचून दाखविले की आमचा पक्ष राजाला मानतो, घराण्याला मानतो, घटनेला मानतो. नावातला 'प्रजासत्ताक' शब्द गळाला. सभागृह अवाक झाले म्हणतात, आणि ते खोटे नसावे. जुलैत रादिच सुटला तो पाशिचच्या सरकारशी युती करूनच, आणि नोव्हेंबरात तर ज्याने त्याला तुरुंगात धाडले त्याच मंत्रिमंडळात तो शिक्षणमंत्री म्हणून जाऊन बसला.

निकोला पाशिच आणि रादिच एका टेबलाशी बसलेले पाहणे हा मोठा मौजेचा प्रकार असला पाहिजे. पाशिच तेव्हा ऐंशीच्या घरात होता; पांढरी लांब दाढी छातीवर रुळे, आणि बोलणे असे की वाक्य सुरू व्हावे, 'ओवाय' म्हणजे 'हे आपलं' असा एक शब्द मध्ये यावा, आणि पुन्हा 'ओवाय' येऊन वाक्य तेथेच विरावे. अर्धशतकाच्या राजकारणात त्याने कोणाला काय वचन दिले हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नसे, कारण त्याचे एकही वाक्य पुरे झालेले नव्हते. रादिचची वाक्ये मात्र सगळी पुरी होत, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येत. सहकारी मंत्र्यांवर तो रविवारच्या सभेत तोंडसुख घेई आणि सोमवारी त्यांच्या शेजारी बसे. 1926 च्या एप्रिलात पाशिचच्या मुलाच्या भानगडींवरून वादळ उठले त्यात रादिचच्या जिभेचा वाटा मोठा होता; म्हातारा पायउतार झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारला. रादिचचे मंत्रिपदही काही महिन्यांचेच ठरले.

त्याला शेवटचा आणि सर्वांत अनपेक्षित सोबती मिळाला तो 1927 साली. केंद्रसत्तेचा कडवा अभिमानी प्रिबिचेविच बेलग्रेडच्या राजकारणातून दूर लोटला गेला होता, आणि आपल्याच क्रोएशियातल्या सर्ब मतदारांना बेलग्रेडने काय दिले हा प्रश्न त्याला पडू लागला होता. सप्टेंबरच्या निवडणुकीत रादिचला 61 जागा मिळाल्या. नोव्हेंबरात ह्या दोन हाडवैऱ्यांनी शेतकरी-लोकशाहीवादी आघाडी उभी केली. कैदी आणि त्याचा जुना तुरुंगाधिकारी आता एका बाकावर. प्रश्न सर्ब विरुद्ध क्रोआत हा नाही, सावेच्या पलीकडच्या प्रांतांना करात, नोकरीत, सैन्यात, रेल्वेत न्याय मिळतो की नाही हा आहे, असे दोघेही म्हणू लागले. माझ्या मते बेलग्रेडच्या सत्ताधाऱ्यांना प्रजासत्ताकवादी रादिच जितका भयंकर वाटला नसेल तितका हा वाटला. कारण बहिष्कार घालणाऱ्याकडे दुर्लक्ष करता येते, पण सभागृहात रोज येऊन बसणाऱ्या, सर्ब मित्राला बरोबर आणणाऱ्या माणसाला दूर कसे सारावे? आता तो रोज येऊन बसत होता. संसदीय मार्ग त्याला फार उशिरा पटला, पण पटला तो पुरता पटला.

ते सभागृह म्हणजे खरे पाहता संसदभवन नव्हतेच. नवी इमारत अर्धवट पडून होती, आणि तोवर राजाच्या घोडेस्वारांच्या तालमीसाठी बांधलेल्या एका जुन्या मंडपात बाके मांडून राज्याची लोकसभा भरविली जात होती. (आज त्या जागी एक नाट्यगृह आहे.) 1928 च्या उन्हाळ्यात तेथे इटलीबरोबरच्या नेत्तुनो येथील तहनाम्यांना मंजुरी देण्याचा विषय निघाला. किनाऱ्यावरच्या क्रोआत मुलखात इटालियनांना सवलती देणारे हे करार आघाडीने अडवून धरले. शिवीगाळ रोजची झाली. 19 जूनच्या बैठकीत तर रादिचच्या जिवावर उठण्याच्या धमक्या सरकारी बाकांवरून उघड दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊ नका, असे मित्रांनी त्याला विनविले. आपण युद्धावरच्या शिपायासारखे आहोत, असे म्हणून तो आला. एवढेच कबूल केले की आज तोंड उघडणार नाही. आयुष्यात एवढे एकच वचन त्याने शब्दशः पाळले असेल. त्या सकाळी तो पुढच्या बाकावर स्वस्थ बसून होता.

अध्यक्षस्थानी निंको पेरिच होता. साडेअकराच्या सुमारास सरकारपक्षाचा मॉन्टेनेग्रोकडील सभासद पुनिशा राचिच व्यासपीठावर चढला. सर्बियाच्या रक्ताची, युद्धातल्या हौतात्म्याची भाषा करीत असता, समोरच्या बाकावरून इव्हान पेर्नारने टोमणा मारला की तू बेगांची, म्हणजे मुसलमान जमीनदारांची, मालमत्ता लुटलीस. राचिचने अध्यक्षाकडे वळून मागणी केली की याला शासन करा, नाहीतर मी स्वतः करीन. अध्यक्षाने काही करण्यापूर्वीच त्याने खिशातून पिस्तूल काढले. पहिली गोळी पेर्नारला लागली. मग नळी रादिचकडे वळली. जुरो बासारिचेक आडवा धावला तो पडला, इव्हान ग्रांजाने अंग मध्ये घातले त्याच्या हाताला लागली, आणि तरीही पुढची गोळी स्त्येपानच्या पोटात गेली. पावले रादिच काकाकडे झेपावला त्याला शेवटची. हे सारे मिनिटभरात झाले. राचिच मंत्र्यांच्या बाजूच्या दाराने निघून गेला, आणि नंतर आपल्या मर्जीने पोलिसांच्या स्वाधीन झाला.

पावले आणि बासारिचेक तेथेच संपले. बासारिचेकविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे: महायुद्धाच्या काळात हर्जेगोव्हिना आणि इतर दुष्काळी भागांतली उपाशी मुले आगगाडीने आणून सुपीक प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्याची जी मोठी खटपट झाली, तिचा तो एक प्रमुख चालक होता. गोळीच्या मार्गात स्वतःचे शरीर घालण्याची बुद्धी ज्याला क्षणात झाली, त्याला ती सवय जुनीच होती म्हणायची.

राजा अलेक्झांडर त्याच दिवशी रुग्णालयात गेला आणि जखमी रादिचच्या बिछान्याशी बसला. शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे तो सावरत आहे असे वाटले, जुलैत त्याला झाग्रेबला नेण्यात आले. पण मधुमेहाने पोखरलेल्या देहाला ती जखम पेलली नाही. 8 ऑगस्ट 1928 रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो वारला. मिरोगोयच्या स्मशानभूमीत त्याला नेताना खेड्यांतून आलेली माणसे मोजता येत नव्हती. त्यांतील पुष्कळजणांनी आयुष्यातले पहिले मत त्याच्याच पेटीत टाकले होते. पक्षाची सूत्रे व्लाट्को माचेक या वकिलाकडे गेली.

आघाडीने संसदेवर बहिष्कार घातला, आणि या खेपेस तो रास्त होता. पाच महिन्यांनी, 6 जानेवारी 1929 रोजी, राजाने घटना रद्द केली, संसद मोडली, पक्ष बंद केले आणि जाहीरनामा काढला की राजा आणि प्रजा यांच्यामध्ये आता कोणी मध्यस्थ राहता कामा नये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्याचे नाव युगोस्लाव्हिया झाले. ज्या घटनेसाठी मुसलमान पुढाऱ्यांशी सौदे झाले, जी मान्य केली म्हणून रादिचला कालच्या मित्रांनी दगाबाज म्हटले, ती घटना आठ वर्षेही पुरी टिकली नाही. राचिचला वीस वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने पोझारेव्हात्स येथे एका आरामशीर घरात भोगली, आणि 1944 साली टिटोच्या सैनिकांच्या हातून तो मारला गेला. राजा स्वतः 1934 च्या ऑक्टोबरात मार्सेयच्या रस्त्यावर मारेकऱ्याच्या गोळीने पडला. झाग्रेबला स्वायत्तता मिळाली ती 1939 च्या ऑगस्टात, माचेकच्या सहीने. दुसरे महायुद्ध त्या वेळी दारात उभे होते.

प्रिबिचेविचला हुकूमशाहीने आधी नजरकैदेत टाकले. जुन्या गृहमंत्र्याला त्याच्या एकेकाळच्या कैद्याचे दिवस असे स्वतः कंठावे लागले. सुटल्यावर तो परदेशी गेला, राजाच्या हुकूमशाहीविरुद्ध फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले, आणि त्यात नमूद केले की गोळीबारानंतर राजाने क्रोआतांना राज्यापासून वेगळे काढून टाकण्याची कल्पना बोलून दाखविली होती, आणि ती आपणच नाकारली. 1936 साली तो वारला, तो प्रागमध्ये. ज्या शहरात तरुण रादिच विद्यार्थी म्हणून आला होता आणि जेथून त्याला पोलिसांनी हाकलून लावले होते.